यज्दचा वारा, नॉर्थ यॉर्कमध्ये

भुतंखेतं, चमत्कार वगैरे मी कधीच मानलं नाही. मी नागपूरची, त्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली... संशय घेणं हा माझा धंदाच आहे!

आम्ही कॅनडात, नॉर्थ यॉर्कला कॉन्डोत राहतो. शेजारी बहराम आजोबा, इराणमधल्या यज्द शहराचे. त्यांची दृष्टी गेलेली, पण गावाचा विषय निघाला की थांबायचे नाहीत – मातीच्या विटांची घरं, जामा मशिदीचे उंच जुळे मिनार, आणि छपरांवरचे बादगीर, म्हणजे वारा पकडून खालच्या खोलीत सोडणारे मनोरे. "तेव्हा कुठे होता तुमचा एसी?" असं ऐटीत विचारायचे.

ते कायमचे मुलाकडे व्हँकुव्हरला निघाले, तेव्हा माझ्या इराने त्यांच्यासाठी लाकडात यज्द कोरलं. बोटांनी पाहता यावं म्हणून. आर्किटेक्चरच्या पहिल्याच वर्षाला आहे पोरगी! बादगीर पोकळ करायला मात्र वेळ पुरला नाही. भरीव ठोकळे, वर नुसत्या खाचा. "मम्मा, ही'ल नो इट्स फेक," म्हणत रडकुंडीला आली होती.

रविवारी दुपारी आजोबांना बोलावलं. प्रवासाला निघालेल्या माणसाला ओवाळायचं, ही आपली पद्धत. निरांजन विझू नये म्हणून मी बाल्कनीचं दार लावलं, हीटिंग बंद केलं, किचनचा एक्झॉस्टसुद्धा. ओवाळून झाल्यावर निरांजन मॉडेलशेजारी ठेवलं.

आजोबांची बोटं मिनारांवरून उतरली, गल्ल्यांतून फिरली आणि एका बादगीरच्या पायथ्याशी थांबली. इरा श्वास रोखून उभी. आजोबांनी वाकून तिथे गाल नेला.

"देअर इज विंड," ते हळूच म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा माणूस, आठवणींनी गहिवरलाय. पण निरांजनाची ज्योत बादगीरच्या विरुद्ध दिशेला पार आडवी झाली होती... मी हात पुढे केला. गार झुळूक!

"मम्मा, दॅट्स सॉलिड वुड!" इरा कुजबुजली.

मी व्हेंट तपासले, दाराची फट तपासली, टेबलाखालीसुद्धा शिरले. काही नाही. आजोबांनी मान वर केली आणि ज्योत सरळ झाली. डोळे पुसत त्यांनी इराच्या डोक्यावर हात ठेवला. "यू आर अ डॉटर ऑफ यज्द."

कारण मला अजून सापडलेलं नाही. शोधतेय. पण कुणी भेटलं की मी वाऱ्याचं नंतर सांगते. आधी सांगते, दृष्टी गेलेल्या माणसाने माझ्या लेकीच्या हातचं आपलं गाव ओळखलं!