शांघाय ते उरुमची

पाडव्याला अकोल्याच्या एजंटला तिकिटांचे बेचाळीस हजार दिले, तेव्हा बायको आणि मुलगी समोर होत्या. मुलीला शांघायला उतरेल त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत उरुमचीच्या मेडिकल कॉलेजात हजर व्हायचं होतं. शांघायहून दुपारी दोनचं विमान चालेल का, असं मी दोनदा विचारलं.

"काहून घाबरता काका? अमरावतीहून अकोल्याले जाणं समजा, तासाभराचं काम!"

पुढचं तिकीट तिच्या फोनवर शांघायला उतरल्यावर आलं. अंतर सव्वातीन हजार किलोमीटर, प्रवास साडेपाच तासांचा. पोरगी रात्री कॉलेजच्या बंद फाटकापाशी एकटी रडली.

जाब विचारला, तर हसून म्हणतो, "चीन मोठा हाय, मी काय करू?"

नकाशा न उघडता हा माणूस तिकिटं विकतो! त्याने दमडी दिली नाही. उशिराचा दंड, नऊ हजार, कॉलेजला मीच भरला.