सोंड नसलेली कादंबरी

पुस्तक एकट्याने वाचलं की एकच मत होतं. पेणच्या बाळूशेठच्या गणपतीच्या कारखान्यात वाचलं की मतं वाढतात आणि किस्से आपोआप साचतात! रिटायर झाल्यापासून दुपारी मी तिथे मोठ्याने वाचतो. बाया मूर्ती रंगवता रंगवता ऐकतात.

मागे एक रहस्यकथा नेली. मला झकास वाटली होती. तिसऱ्याच पानाला, गडब गावाहून रंगवायला येणारी मंदा म्हणाली, "नवऱ्यानंच मारलं."

"कशावरून?"

"बायकोला चा करून देतोय तो. उगाच?"

शेवटी नवराच निघाला. मधली सगळी पानं मी नाइलाजाने वाचली होती.

मग यशस्वी होण्याचं एक पुस्तक. पहाटे चारला उठा, यश तुमचंच. मला निम्मं पटलं होतं. मंदा म्हणाली, "आमच्याकडं नळाला पाणीच चारला येतं. गावात सगळी उठत्यात. यश काय आलं नाय."

उरलेलं निम्मंही गेलं.

एक बक्षीसवाली कादंबरी होती. भाषा अप्रतिम, पण नायिका दारात उभी राहते आणि पुस्तक संपतं. मूर्तींचे डोळे रंगवणाऱ्या सुमनताईंनी पुस्तक हातात घेऊन फाटलेली पानं शोधली. बाळूशेठ म्हणाला, "काका, मी गिऱ्हाइकाला बिनसोंडेचा गणपती दिला तर चालंल काय?"

मी तीन दिवस या कादंबरीची बाजू मांडत होतो. मनातून मलाही राग आलाच होता.

यंदा मात्र वाचन बंदच पडणार होतं. नेलेली कादंबरी तशी भडक, मी नाक मुरडतच वाचत होतो. शेवटी आई जाते तिथे माझाच आवाज कातर झाला. समोर सुमनताई गणपतींच्या डोळ्यांची आखणी करत होत्या. त्याही आपले डोळे पुसत होत्या आणि पुन्हा ब्रश धरत होत्या.

संध्याकाळी बाळूशेठ सुमनताईंनी आखलेल्या, ओलसर डोळ्यांच्या रांगेपुढे उभा राहिला. "ह्ये गणपती रडायला आल्यात काय? ह्ये खपले नाय तर पुस्तक बंद!"

गिऱ्हाइकं यायची, त्या रांगेकडे बघायची आणि दुसरा गणपती घ्यायची. मला फार वाईट वाटायचं. घरी एकट्याने वाचायची सवयच मोडली होती.

मग नागोठण्याची एक म्हातारी आली. सगळा कारखाना फिरून त्याच रांगेपाशी थांबली.

"ह्यो द्या. ह्यो आपलं आयकून घेल."

दोन दिवसांनी तिच्या आळीतली माणसं टेम्पो घेऊन आली आणि सगळी रांग उचलून घेऊन गेली.

टेम्पो गेल्यावर बाळूशेठ माझ्या शेजारी येऊन बसला. मग हळूच म्हणाला, "काका, त्यात ती आई मरते ना, त्ये परत एकदा वाचता काय? सुमनताईंना आज बारा डोळं काढायचं हायत."