मांडीखाली दडवलेले हात

वॉर्डात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. मनोरुग्णालयात त्यांना नऊ वर्षं झाली होती. आले तेव्हा न दिसणारी गिऱ्हाइकं त्यांच्या कानाशी भांडत. बाही आखूड झाली, गळा मोठा झाला, म्हणून दिवसभर डोकं खात. औषधांनी ती गिऱ्हाइकं गेली. मागे राहिले थरथरणारे हात.

सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा शिवणखोलीत जाणं मास्तरांनी आपणहून सोडलं. भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं की ते तोंड फिरवून बसत. एकदा तरी पुन्हा सरळ टीप मारावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण सांगणार कसं? डॉक्टरांपुढे तक्रार करायची नाही, असं वॉर्डातलं शहाणपण होतं. तक्रार केली की आजार वाढला असं धरतात आणि गोळी वाढते. शेजारच्या कॉटवरचा पोस्टमन एकदा "पाय स्वस्थ राहत नाहीत" म्हणाला होता. पुढचे आठ दिवस त्याला जेवायलाही हलवून उठवावं लागलं.

म्हणून दर गुरुवारी, डॉक्टरांच्या फेरीला, मास्तर दोन्ही हात मांडीखाली घालून ताठ बसत.

"कसं काय, मास्तर?"

"उत्तम."

डॉक्टर केसपेपरवर 'तेच चालू' लिहीत आणि पुढच्या कॉटकडे वळत. चार डॉक्टर बदलले, ते दोन शब्द काही बदलले नाहीत.

पाचव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या केसपेपर पहिल्या पानापासून वाचत. "उत्तम" ऐकूनही त्या हलल्या नाहीत.

"मास्तर, माझ्या कोटाचं बटण लोंबतंय. लावून द्याल?"

"उद्या देतो."

"बघा बाई," गोळ्यांचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "दुकान सुटलं, पण शिंप्याचं उद्या काही सुटलं नाही."

पोस्टमनही हसला. मास्तर हसले नाहीत. गिऱ्हाईक समोर कोट धरून उभं, आणि आपण हातांवर बसून राहायचं? त्यांना ते सोसवेना. त्यांनी हात बाहेर काढले. कोट घेतला, तर तोही हातात लटपटू लागला.

"हे कधीपासून?"

"गोळी वाढवू नका," मास्तर घाईने म्हणाले.

बाई कॉटच्या कडेवर बसल्या. एकाच जातीची दोन औषधं चालू होती. दुसरं आठ वर्षांपूर्वी, एका वाईट आठवड्यात जोडलेलं. तो आठवडा सरला, औषध तसंच राहिलं. "हे हळूहळू उतरवू," त्या म्हणाल्या. "मधे काहीही वाटलं, तर मला सांगायचं. उत्तम म्हणायचं नाही."

चार महिने गेले. सातव्या खेपेला का होईना, दोरा सुईत गेला. मास्तर शिवणखोलीत उशांचे अभ्रे शिवू लागले. टीप कुठे कुठे वाकडी जाई, ती उसवून पुन्हा मारत.

पण औषध उतरलं तसं दुसरंही काही जागं झालं. रविवार भेटीचा. धाकटा भाऊ यायचा थांबून सहा वर्षं झाली होती, हे मास्तरांना माहीत होतं. पण औषधाच्या गुंगीत ते कुठे टोचलं नव्हतं. आता चार वाजेपर्यंत ते दाराकडे बघत बसत.

पुढच्या गुरुवारी बाईंनी विचारलं, "गिऱ्हाइकं पुन्हा बोलतात का?"

"नाही."

"मग चेहरा असा का?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. "कुणी येत नाही, ते आता कळतं," ते म्हणाले. मग बिचकत विचारलं, "यासाठी गोळी वाढवणार का?"

"नाही. हा आजार नाही, मास्तर. तुमच्या भावाला पत्र लिहिते. येतील की नाही, ते मात्र सांगता येत नाही."

"तो यायचा नाही," मास्तर म्हणाले. "पण लिहा."

त्या पुढच्या कॉटकडे गेल्या. मास्तर उठून शिवणखोलीत गेले, कारण अकरा अभ्रे अजून कापायचे होते.