मनगट दाखवायचं नाही

आमच्या गाब्रोवोच्या लोकांबद्दल बाकीचा बल्गेरिया काय वाटेल ते सांगत असतो. म्हणे, मांजर दारातून आत येईपर्यंत घरातली ऊब बाहेर जाते म्हणून आम्ही मांजरांच्या शेपट्या कापतो. म्हणे, रात्री झोपताना आम्ही घड्याळ बंद करून ठेवतो, उगाच चाकं झिजायला नकोत. हे विनोद आम्ही स्वतःही सांगतो, कारण विनोद सांगायला पैसे पडत नाहीत.

अशा गावात डोब्री चिचोंकडे नऊ मनगटी घड्याळं आहेत आणि नऊच्या नऊ रात्रभर चालू असतात.

चिचो म्हणजे काका. ते माझे सख्खे काका नव्हेत, आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहतात. जन्मभर त्यांनी माल उचलायच्या यंत्रांच्या मोटरींना तांब्याची तार गुंडाळली. त्याच कारखान्यात आता मी त्या यंत्रांच्या नियंत्रणाचे सर्किट बोर्ड बनवते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं घड्याळ घेतलं. डोंगरावर चढणाऱ्यांचं, जाडजूड, पाच बटणांचं. ते वेळ सांगतंच, शिवाय उंची, हवेचा दाब, दिशा, सूर्य कधी मावळणार, हेही सांगतं. मग दुसरं आलं, नाडीचे ठोके मोजणारं. मग जुन्या बाजारातून एकेक. त्यातलं एक दोनशे मीटर खोल पाण्यातही चालतं. चिचोंना पोहता येत नाही. एक समुद्राची भरती-ओहोटी दाखवतं. समुद्र आमच्यापासून चार तासांवर आहे. एक वादळाची सूचना देतं, आणि ती त्याने एकदा चर्चमध्ये, पाद्री नवरा-नवरीच्या डोक्यावर मुकुट ठेवत असताना दिली.

"कशाला हवीत इतकी?" असं कुणी विचारलं की चिचो म्हणत, "लोक मासे पाळतात. मासा कधी उंची सांगतो का?"

त्यांची बायको पेना काकू सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "काल घड्याळाने ह्यांना सांगितलं, तुमची झोप नीट झाली नाही. मी रात्रभर कोपराने ढोसत होते, ते नाही सांगितलं त्याने. आणि नऊ घड्याळं घरात असून हा माणूस वेळ मला विचारतो!"

आम्ही हसायचो. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे आम्हाला पुढे कळलं.

दर शनिवारी आम्ही चौघं डोंगरावर जायचो. डोब्री चिचो, त्यांचे कारखान्यातले जुने सोबती तोत्यो चिचो, शाळेतून निवृत्त झालेल्या रुसकाबाई आणि मी. सकाळची बस, मग बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून चढण, मग उघड्या धारेवरून इस्पोलिनचं शिखर, आणि उतरताना गांकाच्या विसाव्यावर चहा. त्या चहाचा एक नियम होता. डोंगरावरचं घड्याळ खरं तर उंची मोजत नाही, ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतं. दाब बदलला की अंदाज चुकतो. म्हणून वाट सुरू होते तिथल्या झऱ्यापाशी, दगडावर कोरलेल्या उंचीला सगळ्यांनी आपापलं घड्याळ लावायचं आणि नंतर हात लावायचा नाही. शिखराची उंची पंधराशे तेवीस मीटर. वर पोचल्यावर प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा. ज्याचा सगळ्यात जास्त चुकला, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. मनगट मात्र कुणी कुणाला दाखवायचं नाही. ज्याला शब्दावर विश्वास नाही, त्याने चहा घरी प्यावा.

डोब्री चिचो दर वेळी वेगळं घड्याळ बांधून येत आणि हमखास हरत. पण खुशीत हरत. "आज ह्याने मला साठ मीटर फुकट चढवलं," म्हणत आणि चहा सांगत.

त्या वसंतात त्यांची नजर जायला लागली होती. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध राखाडी डाग. कडेकडेचं दिसायचं, नेमकं समोरचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, वाढेल किंवा थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. हे फक्त पेना काकूला ठाऊक होतं. आम्हाला सांगितलं तर आम्ही डोंगरावर नेणार नाही, हे चिचोंना पक्कं माहीत होतं, कारण एक उदाहरण समोर होतं. आमच्यातला पाचवा, कोल्यो, दोन वर्षांपूर्वी गुडघ्याने अधू झाला आणि धारेवर घसरला. थोडक्यात वाचला. त्यानंतर आम्ही बसून ठरवलं, कोल्योने आता खालीच राहायचं. ठरवताना पहिला हात डोब्री चिचोंचा वर गेला होता. आणि शनिवार गेला की चिचोंकडे उरतं काय, तर तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी आणि उंची न बदलणारी नऊ घड्याळं.

आम्हाला एवढंच दिसलं की डोब्री चिचो चहा पाजेनासे झाले.

एप्रिलपासून त्यांचा आकडा कधी पाच मीटरच्या वर चुकला नाही. जूनमध्ये एकदा हवा बिघडत होती, दाब भराभरा उतरत होता. माझं घड्याळ चाळीस मीटर जास्त दाखवत होतं, तोत्यो चिचोंचं पंचेचाळीस. डोब्री चिचो शांतपणे म्हणाले, "पंधराशे वीस."

हे शक्यच नव्हतं. एकाच हवेत चार घड्याळं, तीन फसतात आणि चौथं फसत नाही, असं होत नसतं. मी तसं बोलून दाखवलं.

"शेवटी गाब्रोवोचं रक्त!" तोत्यो चिचो माझ्या कानाशी पुटपुटले. "सत्तर वर्षं लपून बसलं होतं, आता वर आलं. चार कप चहासाठी खोटं बोलतोय म्हातारा."

"मग त्याने तुला घड्याळ फुकट का दिलं?" रुसकाबाईंनी विचारलं.

कारण तेही झालं होतं. मे महिन्यात डोब्री चिचोंनी आपल्या नऊतलं एक घड्याळ तोत्यो चिचोंच्या पाठपिशवीच्या पट्ट्याला स्वतःच्या हाताने बांधलं. अर्ध्या अर्ध्या मिनिटाला ते 'टीं' करायचं. ते तसं मीच लावून दिलं होतं, चिचोंनी सांगितलं म्हणून. "तोत्योची चाल मंदावली आहे, त्याला ताल हवा," असं त्यांनी मला सांगितलं. तोत्यो चिचोंना तो आवाज अजिबात आवडत नसे. पण फुकट मिळालेली वस्तू काढून टाकणं त्यांच्या हातून होईना.

"ते लाच म्हणून दिलं," तोत्यो चिचो म्हणाले. "थांबा. मी पकडतो त्याला."

सप्टेंबरातल्या एका स्वच्छ शनिवारी झऱ्यापाशी तोत्यो चिचो पुढे झाले. "आण रे तुझा हात. आज मी लावून देतो. तुझी बोटं गारठलीत."

डोब्री चिचोंनी लगेच हात पुढे केला. एरवी ते आपल्या घड्याळाला कुणाला शिवू देत नसत. त्या दिवशी त्यांना उलट हायसं वाटल्यासारखं दिसलं. तोत्यो चिचोंनी दगडावरच्या आकड्यात तीनशे मिळवले आणि आम्हाला डोळा मारला. मला गंमत वाटली. प्रामाणिक असतील तर वर जाऊन अठराशेच्या पुढचा आकडा सांगतील, चकित होतील, हरतील आणि आपण सगळे हसू. नसतील तर सापडतील.

वर वारा होता. दक्षिणेकडचं गुलाबांचं खोरं लांबपर्यंत मोकळं दिसत होतं. रुसकाबाई म्हणाल्या, "पंधराशे एकतीस." मी म्हणाले, "सत्तावीस." तोत्यो चिचोंचे चौतीस.

डोब्री चिचोंनी मनगट चेहऱ्यापाशी नेलं, थोडं तिरकं केलं, नेहमीसारखा एक डोळा बारीक केला. "पंधराशे एकवीस."

"सापडला!" तोत्यो चिचोंनी त्यांचं मनगट धरलं. "सापडला चहाचोर!"

"मनगट दाखवायचं नाही असं ठरलंय ना?"

"आज दाखवायचं. वाच. मोठ्याने वाच, बाईंना ऐकू दे."

डोब्री चिचोंनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्याच्या थोडं बाजूला पाहिलं. मग समोर खोऱ्याकडे.

"पंधराशे एकवीस," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की वाऱ्यात जेमतेम कळला.

"अरे, अठराशे अठ्ठावीस आहे तिथे! मीच तर झऱ्यापाशी..." तोत्यो चिचोंचं वाक्य तिथेच थांबलं. काचेवरचे आकडे नखाएवढे होते. ऊन मागून येत होतं. मला ते दोन पावलांवरून वाचता येत होते.

रुसकाबाई म्हणाल्या, "तोत्यो, हात सोड त्याचा." मग पुढे होऊन त्यांनी आपला पंजा डोब्री चिचोंसमोर धरला. "किती बोटं?"

"बाई, मला परत पहिलीत बसवू नका. कडेकडेचं सगळं दिसतं मला. दगड दिसतात, झाडं दिसतात. मधलं तेवढं दिसत नाही. तुमचं तोंड दिसत नाही. एप्रिलपासून सुखात आहे."



"एप्रिलपासून?" तोत्यो चिचो ओरडले. "आणि ह्या धारेवर तू माझ्या मागे चालत होतास?"

"तुझ्या मागे नाही. तुझ्या टींटींच्या मागे."

तोत्यो चिचोंचा हात खांद्याच्या पट्ट्याकडे गेला. तेवढ्यात ते घड्याळ वाजलंच. "म्हणजे हे... आणि मी म्हणत होतो, हा फुकट कसा देतो!"

"फुकट कोण देतो गाब्रोवोत?" डोब्री चिचो म्हणाले. मग खाली बघत, हळू आवाजात, "कोल्योला घरी बसवलं तेव्हा पहिला हात माझा होता. मग मी कोणत्या तोंडाने सांगायचं, मला मात्र न्या म्हणून?"

धार दोन्ही बाजूंनी उतरती आहे. तिथे एक पाऊल चुकलं तर काय होतं, ते आम्ही कोल्योच्या वेळी पाहिलं होतं. आम्ही उतरायला लागलो. तोत्यो चिचो पुढे होते. ते फक्त "दगड" म्हणायचे, "मूळ" म्हणायचे, आणि मधून मधून ते टीं.

विसाव्यावर डोब्री चिचोंनी गांकाला हाक मारली. "चार चहा, माझ्या नावावर. तीनशे पाच मीटर चुकलोय. घड्याळ माझं, आकडा माझा." आम्ही नको म्हणालो, पण ते ऐकेनात. नियम तो नियम. तोत्यो चिचोंनी कप हातात धरून ठेवला आणि शेवटी तसाच टेबलावर ठेवला. फुकटचा चहा गाब्रोवोच्या माणसाने भरल्या कपात सोडून दिलेला गांकाने पहिल्यांदाच पाहिला असेल. ती काही बोलणार होती, पण आमची तोंडं पाहून आत गेली.

बसमधून उतरताना डोब्री चिचोंनी विचारलं, "पुढच्या शनिवारचं काय?"

"आत्ता विचारू नकोस," तोत्यो चिचो म्हणाले आणि घराकडे वळले.

तो आठवडा वाईट गेला. मी संध्याकाळी खाली डोकावले की डोब्री चिचो गॅलरीत बसलेले असत, समोर टेबलावर घड्याळं मांडून. एकेक हातात घेऊन बटणं चाचपायची आणि खाली ठेवायचं. जन्मभर मोटरींना तार गुंडाळणारी बोटं ती, त्यांना घड्याळ ओळखायला डोळे लागत नव्हते. पेना काकू मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "इतके महिने दर शनिवारी पहाटे मीच त्याचं घड्याळ लावून देत होते गं. मला शिव्या द्या हव्या तर. पण तो दारातून बाहेर पडताना कसा दिसायचा, ते तुम्ही नाही पाहिलंत."

शनिवारी सकाळी खालून हाक आली. दाराची घंटा तोत्यो चिचो वाजवत नाहीत, दुसऱ्याची असली तरी वीज ती वीजच.

"डोब्री! ए आंधळ्या! बस काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

मी जिना उतरले तेव्हा डोब्री चिचो बूट घालून, पाठपिशवी अडकवून दारात उभेच होते. त्यांनी ती रात्रीच भरून ठेवली असावी. पेना काकूने चीज भरलेल्या बनित्साची गरम पुडी त्यांच्या हातात कोंबली आणि तोंड फिरवलं.

खाली तोत्यो चिचो आणि रुसकाबाई होत्या, आणि त्यांच्या शेजारी काठीवर रेललेला, दात काढून हसणारा कोल्यो.

"धार बंद," तोत्यो चिचोंनी जाहीर केलं. "आपण लाकूडतोड्यांच्या गाडीरस्त्याने जायचं. तासभर लांब पडतो, पण रुंद आहे, आणि ह्याच्या गुडघ्यालाही चालेल. शेवटचा टप्पा एकमेकांना धरून. बूट जास्त झिजतील. काय करणार?" ते खिशात हात घालून खाली बघत राहिले. आपले बूट दुसऱ्यासाठी झिजवायला निघालेल्या गाब्रोवोकराला लोकांच्या डोळ्यांत बघणं अवघडच जातं.

"कोल्यो," डोब्री चिचो म्हणाले, "त्या दिवशी पहिला हात..."

"माहीत आहे. म्हणून आज मला घड्याळ द्यायचंस. भरतीचं दे. मला गुडघ्यात समुद्र कळतो."

दुपारी आम्ही पाचही जण शिखरावर होतो. तिथे रुसकाबाईंनी नवा नियम केला. यापुढे स्वतःचं कुणी वाचायचं नाही. प्रत्येकाने डावीकडच्याचं मनगट वाचायचं. तोत्यो चिचोंनी डोब्री चिचोंचं वाचलं, "पंधराशे अडतीस," अगदी प्रामाणिकपणे. डोब्री चिचोंच्या डावीकडे मी होते. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, काचेवरून बोट फिरवलं, एक डोळा बारीक केला.

"पंधराशे तेवीस," ते म्हणाले. "बरोब्बर. वा, ल्युबा!"

त्यानंतर मला चहा पाजावाच लागेना. तीन-चार शनिवार तोत्यो चिचोंनी हे सहन केलं. मग एकदा शिखरावर पोचल्यावर त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं आणि स्वतः डोब्री चिचोंच्या डावीकडे येऊन बसले. "आज माझं वाच," बाही वर करत ते म्हणाले.

डोब्री चिचोंनी त्यांचं मनगट दोन्ही हातांत धरलं. नाकापर्यंत नेलं. बराच वेळ बघत राहिले.

"तोत्यो," ते म्हणाले, "हे मात्र मला स्वच्छ दिसतंय. अठराशे अठ्ठावीस."

त्या दिवशीचा चहा तोत्यो चिचोंनी पाजला, आणि स्वतःचा कप तळापर्यंत प्यायले.