डावीकडची चार बोटं

चौकटी बनवणाऱ्या त्या बाईला नवरा भिंगरी म्हणायचा, आणि ते काही नुसतं लाडानं नव्हे. ही बाई अख्खा कप चहा एका जागी बसून प्यायल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. अर्धा ओट्यापाशी, उरलेला दुकानात करवतीशेजारी, वर भुसा पडलेला. बाबांच्या मागे त्यांचं दुकान तिनंच चालवलं. वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आईचं शेवटपर्यंत सगळं तिनंच केलं. जिना वरखाली करता करता पाय थांबायचं विसरून गेले.

धंदा मात्र तिला मानवला. रंगवलेला कॅनव्हास चौकटीवर ताणायचा तर बसून भागत नाही. एका बाजूला मधोमध पिन मारायची, लगेच समोर जाऊन पकडीनं कापड खेचायचं आणि तिथे मारायची, मग उरलेल्या दोन बाजू. अशा घिरट्या घालत कोपऱ्यांकडे सरकायचं. एकीकडून सलग मारत गेलं, तर चित्रातली माणसं तिरपी होतात.

त्या दुपारी ती घिरट्या घालत होती, पण पिन एकही मारली नव्हती.

ताईचं चित्र गुंडाळून आलं होतं. ताई म्हणजे थोरली बहीण, कधीच मोठ्या शहरात गेलेली, आता नावाजलेली चित्रकार. उद्या तिचं प्रदर्शन होतं, आणि चित्र न्यायला गाडी निघाली होती. माप फोनवर कळलं होतं, त्याप्रमाणे चौकट तयार होती. चित्र उलगडून वर धरलं. चौकट चार बोटं आखूड.

बाबांच्या वेळेपासून या दुकानात कापडाचं माप सांगायचं, आणि चौकटवाल्यानं दुमडीसाठी दोन्हीकडून दोन-दोन बोटं वजा करायची, अशी रीत. ताई याच दुकानात वाढलेली, तेव्हा तिनं तसंच सांगितलं असणार, असं धरून हिनं वजाबाकी केली. ताईनं सांगितलं होतं नुसत्या चित्राचं माप.

वरखाली भिंत आणि फरशी होती, ती थोडी मागे गेली असती तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण आडवं? उजव्या काठाला शिवणयंत्रावर आई. तिच्या हाताखालून निघालेलं लांबलचक कापड खोलीभर पसरलेलं, आणि ते जमिनीला लागू नये म्हणून डाव्या काठाला दुसरं टोक धरून उभी एक शेंबडी पोर. म्हणजे ही. दोघींच्या मधोमध पुस्तक वाचत बसलेली ताई.

"स्वतःला बरं मधे काढलंय," नवरा चष्मा सावरत म्हणाला. "तिला काही दुमडता यायचं नाही."

"अहो, गप्प बसा हो जरा."

"मी बसलेलोच आहे. तू बस."

तिनं कापड इकडे सरकवलं, आईचा हात मागे गेला. तिकडे सरकवलं, पोर गेली. समसमान केलं तर आईचं कोपर आणि पोरीचं नाक, दोन्ही गेलं. शेवटी तिनं फोन लावला.

"ताई, माप चुकलंय. चार बोटं दुमडावी लागतील."

"चुकलं कसं? मी नीट सांगितलं होतं."

"तू चित्राचं सांगितलंस. आपल्याकडे कापडाचं सांगतात."

"आपल्याकडे! अगं, बाबांचं दुकान सोडून सगळं जग चित्राचंच सांगतं. बरं, डावीकडून घे."

"डावीकडे मी आहे."

"माहितीये गं. म्हणून तर म्हणते. आईला कसं दुमडणार? तू घरचीच. तुला चालेल ना?"

हिच्या ओठांवर 'चालेल' आलंच होतं. ताई आजवर असंच विचारत आली होती. आईला माझ्याकडे ठेवायला नाही जमणार, तुला चालेल ना? या खेपेला यायला नाही जमत, तुला चालेल ना? दर वेळी हिनं 'चालेल' म्हटलं होतं, तेही इतक्या चटकन, की ताईला पुढे काही बोलावंच लागलं नव्हतं.

"नाही चालणार," ती म्हणाली. आवाज चिरकला.

"म्हणजे?"

"मी दुमडणार नाही. वरची-खालची पट्टी नवी कापते. उशीर होईल."

"अगं, उद्या लोक यायचेत! त्यांना काय भिंतीवरचा खिळा दाखवू?"

"दाखव."

"झालंय काय तुला आज?"

"चूक माझीही आहे. न विचारता वजा केलं मी," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मग पुन्हा फोन करावा, माफी मागावी, असं वाटून ती दारापर्यंत जाऊन आली. बाहेर गाडी थांबत होती.

"गाडीवाल्याला मी बोलण्यात गुंतवतो," नवरा म्हणाला. "बसल्या बसल्या तेवढं जमतं मला."

तिनं करवत उचलली. पट्ट्या कापल्या, खाचा पाडल्या, कोपऱ्याला गुण्या लावून काटकोन पाहिला. घाईत अंगठा सोलवटला, तो तोंडात धरून तिनं कॅनव्हास पालथा पसरला आणि चौकट वर ठेवली. पहिली पिन मारली ती पोरीच्या बाजूला, रंग संपतो त्याच्या पलीकडे, कोऱ्या कापडात. टेबलावर फोन वाजायला लागला. पक्कड घेऊन ती आईच्या बाजूला गेली आणि जोर लावून कापड खेचलं.