विस्तवाऐवजी विरजण

अर्जदार: केतकीताई, उत्तरेकडील उपनगरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वतीने. विरुद्ध पक्ष: शिरीषकाका, अर्विंग या परदेशी शहरातील जुन्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. साक्षीदार: मुक्ता, याच देशात जन्मलेली इतिहासशिक्षिका. स्थळ: किराणा दुकानाच्या मागील माझे अर्ज लिहिण्याचे टेबल. दिनांक: पाडव्यानंतरचा शनिवार.

या कुटुंबांना स्वतःचे मंडळ स्थापून मुलांसाठी मराठी शाळा काढावयाची होती. लायब्ररी खोली देणार होती, परंतु जुन्या संस्थेच्या शिफारसपत्रावर. काका ते देईनात. मुदत सोमवारपर्यंत.

माझे शिक्षण नववीपर्यंतचे. तथापि माझ्या मसुद्याला, म्हणजे अर्जाच्या कच्च्या खर्ड्याला, अर्विंगमध्ये कोणी नावे ठेवलेली नाहीत. शिरस्त्याप्रमाणे मी मंडळाविरुद्ध अकरा तक्रारी मांडल्या. केतकीताईंनी त्या वाचून दाखवल्या.

मुक्ता मला म्हणाली, "हे सेंड केलं तर संपलंच. ग्रीक लोक निघताना असं भांडत बसले असते तर?"

"ग्रीकांचा इथे काय संबंध?" मी विचारले.

"सेम केस आहे."

तिने सांगितले ते असे. प्राचीन ग्रीसमध्ये जमीन थोडी आणि वाटेकरी फार. कुठे दुष्काळ, कुठे गावातले तंटे, कोणाला धातू व व्यापार हवा. म्हणून माणसे जहाजांत बसून इटलीपासून काळ्या समुद्रापर्यंत गेली. निघताना जन्मनगराच्या अग्निकुंडातील विस्तव सोबत नेत. नवे नगर स्वतंत्र. देव, सण आणि भाषा मात्र जुनीच. पुढे तिकडचे धान्य इकडे आले, इकडचा माल तिकडे गेला, लिपीसुद्धा परमुलखात रुजली.

"आणि आधी तिथे राहणाऱ्यांची लँड गेली. तेही लक्षात ठेवा," मुक्ता म्हणाली.

तेही मी टिपून घेतले. तरी हुकमाच्या जोरावर नव्हे, तर विस्तवाच्या आधारे एवढे जग जोडणाऱ्या त्या माणसांना मी मनोमन हात जोडले. अकराही तक्रारी खोडल्या. नव्या अर्जात लिहिले: आम्ही रागाने नव्हे, जागेअभावी गेलो, आपल्या समईवरून ज्योत नेण्याची अनुज्ञा असावी.

रविवारी आम्ही काकांच्या घरी गेलो.

"फुटून निघालात ना? मग पत्र कशाला? शाखा व्हा, लगेच साइन करतो."

"लेक सासरी गेली की तिचं घर तिचं असतं, काका," केतकीताई म्हणाल्या. "म्हणून माहेर तुटतं का?"

काकांनी अर्ज दोनदा वाचला. "ज्योत? लायब्ररीत ओपन फ्लेम अलाउड नाही. अर्ज लिहिणाऱ्यांनी रूल्स बघितले नाहीत वाटतं."

ही चूक माझी. मी ती मान्य केली.

तेवढ्यात काकू आतून स्टीलचा डबा घेऊन आल्या. "नागपूरहून आणलेलं विरजण आहे. इथल्या कितीतरी घरांत याचंच दही लागतं. ज्योत राहू दे, हे न्या. अहो, सही करा लवकर, गाडीत आंबट होईल ते."

काकांनी सही केली. शाळा भरली. आता दिवाळीला जुन्या मंडळाचा अर्धा हॉल उत्तरेकडचीच मंडळी भरतात. माझा निष्कर्ष एवढाच: अर्जात तक्रारी वाढल्या की सही लांबते.

तथापि प्रकरण मिटलेले नाही. ग्रीकांच्या वसाहतींनीही पुढे स्वतःच्या वसाहती धाडल्या. नव्या मंडळातील चार कुटुंबे आणखी उत्तरेला निघाली असून केतकीताई त्यांचा फोन उचलत नाहीत, असे कळते. सबब विनंती की, केतकीताईंनी सदर कुटुंबांना शिफारसपत्र व वाटीभर विरजण द्यावे आणि तसे मला लेखी कळवावे.