दगडीपाल्याचा अर्क आणि जाईबाईंची दाढ

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात मुंबई शहर केंद्राच्या अखत्यारीत ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतरच्या आठवड्यात शहरात काय घडले, याची सरकारी आणि वृत्तपत्रीय नोंद भरपूर आहे. १६ तारखेलाच दुपारी लालबागच्या एका चाळीत जाईबाई नावाच्या खाणावळवालीची खालची दाढ काढली गेली, याची नोंद मात्र कुठेही नाही. ती दाढ काढणाऱ्या डॉ. वासंती धैर्यवान यांच्याविषयी पुढे जे लिहिले आहे, ते दोन माणसांच्या आठवणींवर उभे आहे. एक जाईबाईंची सून कमल, जी तेव्हा नुकतीच लग्न होऊन चाळीत आली होती. दुसरा वासंतीबाईंच्या दवाखान्यातला मदतनीस दौलत. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक आहे, तिथे तो तसाच ठेवला आहे.

वासंतीबाई गिरगावच्या फणसवाडीतल्या एका जुन्या पाठारे प्रभू कुटुंबातल्या. दंतवैद्यकाची रीतसर पदवी घेतल्यावर त्या गिरगावातच बसतील अशी घरच्यांची समजूत होती. त्यांनी खोली घेतली ती लालबागला, चाळीच्या तळमजल्यावर. गिरणगावातल्या बायकांची सेवा करावी म्हणून त्या आल्या, असे कमल सांगते. दौलतचे म्हणणे वेगळे: गिरगावात बाईमाणसाकडून दात उपटून घ्यायला कुणी तयार नव्हते. दौलतचे कारण कमी गौरवाचे आहे, म्हणून अधिक विश्वसनीय वाटते. लालबागला आधी बायका आल्या आणि मग, दवाखाना जवळ पडतो म्हणून, पुरुषही आले.

हे रुग्ण दात काढून घरी गेले की दुसऱ्या दिवशी हिरवी हिरडी घेऊन परत येत. कोकणात शेतात विळा लागला तर दगडीपाला चुरडून जखमेवर दाबायचा, ही प्रत्येकाची लहानपणची सवय होती. रेल्वेच्या रुळांकडेला आणि गिरण्यांच्या कुंपणाशी तीच वनस्पती, तीच पिवळ्या फुलांची, उंच दांड्याची. सवय मुंबईतही चालू राहिली. वासंतीबाई रागावत. मातीचा पाला उघड्या जखमेत कोंबला तर जबडा सुजेल, हे त्या प्रत्येकाला बजावत. पण त्यांच्या लक्षात एक गोष्ट राहिली. जबडे सुजत, हे खरे. रक्त मात्र सहसा वाहत नसे.

या निरीक्षणाकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही, हे त्यांचे पहिले मोठेपण. लगेच विश्वास ठेवला नाही, हे दुसरे. दौलतने वडाळ्याच्या मिठागरांच्या बांधावरून पाला आणायचा, त्यांनी तो धुऊन, वाळवून, कुटून स्पिरिटमध्ये भिजत ठेवायचा, गाळून मंद उष्णतेवर आटवायचा, अशी पद्धत त्यांनी बसवली. शेवटी उरे तो काळपट हिरवा, चिकट अर्क. तो त्यांनी प्रथम स्वतःच्या बोटाच्या चिरेवर लावला आणि नंतर, आरशासमोर उभे राहून, स्वतःच्या हिरडीला सुईने टोचून तिथे. रुग्णाच्या तोंडात तो घालण्याचे धाडस त्यांनी तोपर्यंत केले नव्हते.

सोळा तारखेला जाईबाईंची दाढ निघाली तेव्हा सूचना नेहमीच्याच होत्या: गॉजची घडी दाताखाली धरायची, चूळ भरायची नाही, बोलायचे नाही. तिसरी सूचना जाईबाईंना देणे म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणण्यासारखे होते, असे दौलत म्हणतो. जेवणाची पंगत मांडली की त्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एकच हाक देत, आणि ती रस्त्यापलीकडच्या चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगारांना ऐकू जाई. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ सुरू झाल्यापासून घोषणाही त्याच देत. त्यांनी पहिली हाक द्यायची आणि सगळ्या गॅलऱ्यांनी उत्तर द्यायचे, असा चाळीचा रिवाज पडला होता.

रेडिओवरची बातमी चाळीत पोहोचल्यावर त्या किती वेळ ओरडत होत्या, हे कुणी मोजले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासंतीबाई नेहमीप्रमाणे दवाखान्यात आल्या. दुपारपर्यंत रस्त्यावर दगड, पोलीस, गोळीबार, आणि मग संचारबंदी. फणसवाडीला परतणे अशक्य झाले. परळचे इस्पितळ एरवी पायी गाठण्याजोगे होते. आता ते दुसऱ्या गावी असल्यासारखे झाले. अशा वेळी कमल जिना उतरून दवाखान्याच्या दारात आली.

"बाई, सासूबाई चुलीच्या राखेत थुंकतात आणि वर राख ओढतात," ती म्हणाली. "मला वाटलं पान खाल्लंय. पण पान तर घरात नाही."

वासंतीबाई वर गेल्या. जाईबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, पदर तोंडाशी.

"माका काय झाला नाय, डाक्तरीणबाय. ह्या पोरीचा आपला कायतरीच."

"तोंड उघडा."

दाढेच्या खोबणीतली रक्ताची गुठळी निघून गेली होती आणि रक्त संथपणे, न थांबता येत होते. वासंतीबाईंनी साध्या गॉजची घडी दाबून धरली. घडी लाल झाली. दुसरी धरली. मधल्या वेळात जाईबाईंनी कमलला डाळ उतरवायला सांगितले, शेजारणीला गोळीबाराबद्दल विचारले आणि सरकारबद्दल दोन शब्द उच्चारले, जे कमल आजही सांगत नाही. दुसरी घडीही लाल झाली. जाईबाईंचे हात गार पडू लागले होते. त्यांना उठवून रस्त्यावर नेणे म्हणजे पोलिसांच्या बंदुकीसमोर नेणे. रक्त त्याच खोलीत थांबायला हवे होते.

वासंतीबाईंनी दौलतला खालून शिशी आणि उकळलेले पाणी आणायला सांगितले.

"जाईबाई, नीट ऐका. हा दगडीपाल्याचा अर्क आहे. माझं तोंड सोडलं तर हा अजून कुणाच्याही तोंडात घातलेला नाही. उपयोग होईल अशी माझी खात्री नाही. तुम्ही नको म्हणालात तर घालणार नाही."

जाईबाईंनी पदर बाजूला केला. "दगडीपालो? मगे इतके दिवस आमका कित्याक ओरडत होतास?"

"तुम्ही मातीसकट लावत होता म्हणून."

"आमच्या गावची माती ती."

"रेल्वेच्या रुळांकडेची. आता घालू का?"

"घाला. आणि माझो गळो बसलो तर तुमका सोडूचंय नाय."

अर्कात भिजवलेली घडी खोबणीवर बसली. वासंतीबाईंनी हनुवटीखाली हात धरून जबडा मिटवला आणि सांगितले की आता एक अक्षरही काढले तर सगळे पाण्यात जाईल. जाईबाईंनी मान हलवली. कमलच्या म्हणण्याप्रमाणे त्या बाईला इतका वेळ गप्प बसलेले तिने आधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही.

अडचण संध्याकाळी आली. दिवेलागणीला गॅलऱ्यांतून माणसे बाहेर आली. रस्त्यावर जाता येत नव्हते, पण गॅलरी घरातच मोडते. सगळे जाईबाईंच्या हाकेची वाट पाहू लागले. हाक आली नाही. समोरच्या चाळीतून रामदास नावाचा तरुण कामगार ओरडला, "ओ जाईबाई, झोपलात काय?" मग कुणीतरी म्हणाले की त्यांना गोळी लागली. बघता बघता ही अफवा पुढच्या चाळीत गेली, आणि काही पोरे जिन्यावरून खाली रस्त्याकडे धावू लागली.

जाईबाई उठल्या. एक हात भिंतीला, दुसरा तोंडातल्या घडीकडे. वासंतीबाईंनी त्यांचा हात धरला.

"बसा. घडी काढायची नाही."

जाईबाईंनी डोळ्यांनीच गॅलरी दाखवली.

वासंतीबाईंनी राजकारणावर कधी शब्द काढल्याचे दोघांनाही आठवत नाही. त्यांचा आवाज मऊ होता. रुग्णाला वेदना होत असतानाही तो चढत नसे. त्या गॅलरीत गेल्या, कठड्याला दोन्ही हातांनी धरले आणि म्हणाल्या, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

मग रामदासचा आवाज आला, "ह्यो कुणाचा आवाज?"

"डॉक्टरीणबाईंचा," कमल आतून ओरडली. "सासूबाई बऱ्या आहेत. त्यांची दाढ काढलीय. बोलायला बंदी आहे."

"आपल्याला संचारबंदी, जाईबाईंना बोलबंदी," कुणीतरी म्हणाले, आणि दोन्ही चाळी हसल्या. पोरे जिन्यावरच थांबली. वासंतीबाईंनी तेच शब्द पुन्हा म्हटले, या वेळी थोडे मोठ्याने, आणि गॅलऱ्यांनी उत्तर दिले, "झालाच पाहिजे." त्या किती वेळा म्हणाल्या याबद्दल दोघांचे एकमत नाही. आत जाईबाई प्रत्येक वेळी जमिनीवर तळहात आपटत होत्या, याबद्दल आहे.

त्या आत आल्या तेव्हा घडी अर्काने हिरवटच होती, फक्त कडा फिकट गुलाबी. खाली नवे रक्त नव्हते.

संचारबंदी उठल्यावर रामदासने चौकातल्या बातम्यांच्या फळ्यावर खडूने लिहिले की महाराष्ट्राच्या मातीतल्या पाल्याने विलायती औषधांना मागे टाकले. वासंतीबाईंनी त्याला बोलावून घेतले.

"ही वनस्पती मुळात अमेरिकेतून आलेली आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे ना बाई. आपल्याकडे राहिली, आपली झाली."

"बरं, आपली. पण त्या दिवशी अर्कही होता, दाबही होता, आणि जाईबाई गप्पही होत्या. तिन्ही एकाच वेळी. रक्त कशानं थांबलं, सांगा पाहू?"

"लोक चार दिवस खूश आहेत, बाई. कशाला पुसायचं?"

"पुसू नका," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः चौकात जाऊन त्याच्या ओळीखाली लिहिले: अजून खात्री झालेली नाही. डॉ. वासंती धैर्यवान.

हे सांगताना दौलत हसतो, पण ती ओळ त्याला शब्दशः पाठ आहे. त्या ओळीमुळे चाळीतले काही जण दुखावले. जाईबाई दुखावल्या नाहीत. विचारणाऱ्याला त्या सांगत, "माका बरी केलान, तीच सांगता खात्री नाय. मगे तुमका खंयसून खात्री?"

पुढे वासंतीबाईंनी एका रुग्णाला साधी घडी आणि दुसऱ्याला अर्काची, असे आळीपाळीने, दोघांनाही सारखेच गप्प बसवून, करून पाहिले. एवढे दौलतला नक्की आठवते. अर्काच्या बाजूने निकाल लागला, असे तो म्हणतो. पण तो निकाल त्याने कधी वाचला नव्हता. वासंतीबाईंनी अर्क करणे पुढे थांबवले, असे कमल म्हणते. पण कारण तिने विचारले नव्हते. वासंतीबाईंच्या निधनानंतर दवाखान्याची जागा रिकामी झाली आणि त्यातले कागद कुठे गेले, हे त्यांच्या फणसवाडीतल्या नातेवाइकांनाही सांगता येत नाही. त्या प्रयोगाचा निकाल काय लागला, अर्क का थांबला, आणि १७ जानेवारीच्या संध्याकाळी जाईबाईंचे रक्त पाल्याने थांबले, दाबाने थांबले की मौनाने, हे अजून माहीत नाही.